दिवस निघताना की दिवस बुडताना? मांडवीवरच्या खासगी यॉटचे दोन फेरे

गोव्याला जाऊन दोन तासांसाठी खासगी यॉट भाड्याने घ्यायची, हे एकदा ठरले की पुढचा प्रश्न वेळेचा असतो. पहाटेची फेरी घ्यावी की संध्याकाळची? दोन्हींचे पैसे मोजण्याची ऐपत किंवा हौस सर्वांनाच नसते, आणि आमच्या भंडारा जिल्ह्यातील लाखांदूर तालुक्यातून पणजीच्या धक्क्यापर्यंत पोहोचणे हाच एवढा खटाटोप असतो की राहिलेली फेरी पुढच्या खेपेला करू, या म्हणण्यालाही फारसा अर्थ उरत नाही. माझ्याकडून मात्र दोन्ही फेऱ्या झाल्या. संध्याकाळची जानेवारी २०२४ मध्ये, मुलीच्या आणि जावयाच्या आग्रहामुळे. पहाटेची बरोबर एका वर्षाने, पहिल्या फेरीची रुखरुख मनातून जाईना म्हणून. तेव्हापासून नात्यातील आणि शाळेतील जुन्या सहकाऱ्यांपैकी चार-पाच जणांनी मला हाच प्रश्न विचारला आहे आणि प्रत्येकाला फोनवर अर्धवट उत्तर देण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहून काढावे, असे वाटले.

आमच्या बोलीत सूर्य उगवत नाही आणि मावळतही नाही. दिवस निघतो आणि दिवस बुडतो. गोव्याच्या किनाऱ्याला यातला अर्धाच भाग लागू पडतो. तिथे दिवस खरोखरच पाण्यात बुडतो, पण पाण्यातून निघत मात्र नाही. समुद्र पश्चिमेला आणि जमीन पूर्वेला असल्यामुळे पहाटे या दोन तासांच्या फेरीत तुम्ही समुद्रात कितीही आत गेलात तरी सूर्य वर येणार तो किनाऱ्यावरच्या टेकाडांमागून, आणि तोही पंचांगातील वेळेपेक्षा चार-दोन मिनिटे उशिरानेच. पहाटेच्या फेरीवरचा हा सर्वांत मोठा आक्षेप आहे, तो खराही आहे, आणि ज्याला समुद्राच्या रेषेवर टेकलेले लाल बिंब पाहायचेच आहे, त्याने संध्याकाळच घ्यावी, हे मी सुरुवातीलाच मान्य करून टाकतो. माझा कल दुसरीकडे का गेला, ते पुढे येईल.

यॉट किती फुटांची, शिडाची की दोन सांगाड्यांची, खाली किती खोल्या, हे सगळे चित्रांसह कोणीही दाखवते, त्यात मी शिरत नाही. नौकेला गोव्याच्या कॅप्टन ऑफ पोर्ट्स खात्याचा परवाना आहे ना आणि माणशी एक लाइफ जॅकेट आहे ना, एवढे पाहिले की झाले. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो आणि असल्या फेऱ्या बंदच असतात, त्यामुळे हा सगळा विचार ऑक्टोबर ते मे या काळापुरताच आहे, आणि माझा अनुभव तर केवळ जानेवारीचा आहे.

वेळेबाबत एक गोष्ट मात्र आपल्याकडच्या माणसाने ध्यानात घ्यायला हवी, कारण तिथे आपला अंदाज हमखास चुकतो. आमचा तालुका आणि पणजी यांच्यात सुमारे ६ रेखांशांचे अंतर आहे आणि एका रेखांशाला ४ मिनिटे या हिशेबाने तिथला दिवस आमच्यापेक्षा साधारण २४ मिनिटे मागे असतो. पण पणजी आमच्या दक्षिणेलाही आहे आणि दक्षिणेकडे हिवाळ्यातला दिवस थोडा मोठा असतो, त्यामुळे हा फरक दोन्ही टोकांना सारखा वाटला जात नाही. जानेवारीच्या मध्यात तिथे सूर्य आमच्यापेक्षा जेमतेम पाव तास उशिरा, म्हणजे ७ वाजून ५ मिनिटांच्या आसपास उगवतो, पण मावळतो मात्र अर्ध्या तासाहून अधिक उशिरा, ६.२० च्या सुमारास. घरच्या सवयीने साडेपाचलाच ‘आता दिवस बुडेल’ अशी घाई होते आणि तिथे तो अजून कासराभर वर असतो. पहिल्या फेरीत, इथे दिवस उशिरा बुडतो याच समजुतीने मी बराच वेळ निर्धास्त राहिलो, हेही कबूल केले पाहिजे.

आता ती संध्याकाळ. आमची वेळ ५ ते ७ अशी ठरलेली होती. नौका मांडवीच्या उजव्या तीरावरच्या धक्क्यावरून सुटणार, नदीतून मुखाकडे जाणार, आग्वाद किल्ल्याच्या टोकाजवळ थांबणार आणि सूर्यास्त दाखवून परत आणणार. नौका चालवणाऱ्या मंडळींचे नाव मी सांगत नाही, कारण पुढे चौकशी केल्यावर लक्षात आले की दोष त्यांच्या एकट्याचा नव्हता. संध्याकाळच्या फेरीची घडणच तशी आहे. आम्ही पाच माणसे पावणेपाचलाच धक्क्यावर जाऊन उभे राहिलो. मुलीने आईसाठी नवी टोपी घेतली होती. उलटी होऊ नये म्हणून सौभाग्यवतींनी अर्धा तास आधी गोळीही घेऊन ठेवली होती. पाच वाजले, सव्वापाच झाले, पण नौका काही दिसेना. धक्क्यावरच्या मुलाने सांगितले की आधीची ३ ते ५ ची पार्टी अजून पाण्यातच आहे, कोणाचा तरी वाढदिवस आहे, निघालेच आहेत.

ती नौका ५.४० ला आली. चौदा-पंधरा माणसे हसत-खिदळत उतरली, त्यातली दोन चपला शोधायला परत वर गेली. त्यांचाही राग धरता येत नव्हता, कारण मुलीच्या वाढदिवसाला मीही काही घड्याळ पाहून उतरलो नसतो. मग साफसफाई सुरू झाली. एका पोराने रबरी नळीने डेक धुवायला घेतला. केकची क्रीम लाकडाच्या फळ्यांच्या खाचांमध्ये शिरून बसली होती आणि चकचकीत कागदाचे बारीक तुकडे पाण्याबरोबर वाहून जाण्याऐवजी फळ्यांना चिकटून राहत होते. ते तो वाकून नखाने एक-एक काढत होता. त्याच्या कामात खोट नव्हती. मी मात्र एकदा त्याच्या नखाकडे आणि एकदा पश्चिमेकडे पाहत होतो. सौभाग्यवतींनी हळूच विचारले, “दिवस आपल्यासाठी थांबते का जी?” त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते.

ज्यांची शेती कालव्याच्या टोकाला आहे, त्यांना ही अवस्था वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. आमची बांधी, म्हणजे धानाचे शेत, इटियाडोह धरणाच्या कालव्याच्या शेवटाकडे आहे. उन्हाळी धानाच्या वेळी पाण्याची पाळी कागदावर अमुक दिवशी, अमुक तासाला असते, पण वरच्या प्रत्येकाने आपले शेत भरून घेताना दहा-दहा मिनिटे जास्त घेतली की आमच्यापर्यंत पोहोचतो तो ओलावा. वरचा कोणीही चोर नसतो, प्रत्येकाचे कारण ऐकले तर पटतेच, आणि तरीही टोकावरचा कोरडाच राहतो. संध्याकाळची यॉट ही अशी टोकावरची पाळी आहे. सकाळपासून तीच नौका तीन-चार वेळा पाण्यात गेलेली असते आणि दिवसभराचा साचलेला सगळा उशीर शेवटच्या गिऱ्हाइकाच्या पदरात पडतो. पाण्याच्या बाबतीत निदान रात्री बारी धरता येते. सूर्याच्या बाबतीत तीही सोय नाही.

आम्ही ६ वाजता सुटलो. शिडाची नौका इंजिनावर ताशी पाच नॉट, म्हणजे नऊ किलोमीटरच्या आसपास जाते; गावातून तालुक्याला जाणारा सायकलवाला तिला सहज मागे टाकील. नदीच्या मुखापर्यंत पोहोचायला तिला पाऊण तास लागतो आणि आमच्याकडे वीस मिनिटे होती. त्यात हिवाळ्यात सूर्य नैऋत्येकडे सरकलेला असतो, त्यामुळे नदीच्या पात्रातून पाहिले असता तो समुद्राकडे नव्हे, तर पणजी आणि मिरामारच्या बाजूला उतरतो. डाव्या हाताला कॅसिनोची जहाजे मागे पडत होती, त्यांचे दिवे लागू लागले होते, आणि आमचा सूर्य काही झाडांच्या आणि दोन इमारतींच्या मधल्या फटीतून खाली गेला. जावयाने काढलेल्या छायाचित्रात त्या इमारतीवरची पाण्याची टाकी स्पष्ट दिसते. तशी टाकी आमच्या ग्रामपंचायतीजवळही आहे, आणि तिच्यामागे बुडणारा सूर्य मी बावीस वर्षे फुकट पाहत आलो आहे.

हा उशीर तासाभराचाच होता, त्याचे एवढे काय, असे कोणी म्हणेल. पण इथे गणित निर्दय आहे. आपण पैसे दोन तासांचे देतो, मात्र सूर्यबिंब रेषेला टेकल्यापासून पूर्ण बुडेपर्यंत अडीच मिनिटेसुद्धा लागत नाहीत. उष्ण कटिबंधात सूर्य उतरणीच्या वाटेने न जाता जवळजवळ सरळ खाली उतरतो, त्यामुळे संधिप्रकाशही वीस-पंचवीस मिनिटांत आटोपतो. युरोपातून येणाऱ्या प्रवाशांना याचेच नवल वाटते म्हणतात. तिकडे उन्हाळ्यात मावळतीचा उजेड तासन्‌तास रेंगाळतो. आपल्याला त्याचे नवल नसले तरी परिणाम तोच: तासाभराच्या कार्यक्रमात वीस मिनिटे उशीर झाला तर तिसरा हिस्सा जातो, पण सूर्यास्ताच्या फेरीत वीस मिनिटे उशीर झाला तर सूर्यास्तच जातो आणि नौकाविहार तेवढा शिल्लक राहतो.

न्यायाने सांगायचे तर त्या संध्याकाळी काहीच हाती लागले नाही असे नाही. सूर्य गेल्यानंतर दहा-बारा मिनिटांनी आकाशाच्या तळाशी जो तांबूस-जांभळा रंग चढला तो आम्ही नदीच्या मुखाजवळ पोहोचता पोहोचता पाहिला आणि तो सुंदर होता. संध्याकाळच्या हवेत दिवसभराची धूळ आणि धूर असतो, निळा प्रकाश वाटेतच विखुरला जातो, म्हणून सांजेचा लाल हा सकाळच्या लालपेक्षा बहुधा गडद असतो. शिवाय दुपारनंतर समुद्राकडून वारा सुटतो. ज्याला इंजिन बंद करून खऱ्या अर्थाने शिडावर चालणारी नौका अनुभवायची आहे, त्याला तो संध्याकाळीच मिळेल. शीड फुगले, नौका एका अंगावर कलली आणि इंजिनाची घरघर थांबली, तेव्हा माझी मुलगी जे ओरडली ते आनंदाने ओरडली. सौभाग्यवती मात्र त्याच वाऱ्याने उठलेल्या लाटांमुळे गोळी घेऊनही कठड्याला धरून बसल्या होत्या. परत येताना दोन्ही तीरांवरचे दिवे पाण्यात लांबलचक पडलेले दिसतात. तरुण मंडळींना ते फार आवडते. दर दोनशे पावलांवर दुसऱ्या एखाद्या जहाजावरून वेगळे गाणे ऐकू येते, तेही त्यांना आवडते. मला आमच्या मंडईच्या जत्रेतल्या शेजारी-शेजारी लागलेल्या भोंग्यांची आठवण झाली, पण तो माझ्या वयाचा दोष असू शकतो.

पैशांचा हिशेब आमच्याकडे धानात केलेला बरा. त्या संध्याकाळचे मी जे दिले ते त्या हंगामातल्या २,१८३ रुपये हमीभावाने सुमारे सहा क्विंटल धान होते. पुढच्या वर्षी त्याच मापाच्या नौकेच्या पहाटेच्या फेरीला, भाव २,३०० झालेला असताना, चार क्विंटल पुरले. दर ठिकाणागणिक आणि दिवसागणिक बदलतात, पण पहाटेची मागणी कमी असल्याने तिथे घासाघीस ऐकून घेतात, एवढे मी अनुभवाने म्हणू शकतो.

पहाटेच्या फेरीचे दिवस निवडताना मी पंचांग उघडून बसलो होतो, आणि हे एक काम मी बरे केले असे वाटते. २०२५ साली पौष पौर्णिमा १३ जानेवारीला होती आणि १४ ला संक्रांत. पौर्णिमेच्या संध्याकाळी सूर्य बुडतो त्याच सुमारास समोरून चंद्र निघतो, हे सगळ्यांना ठाऊक असते. त्याची दुसरी बाजू फारशी कोणाच्या ध्यानात येत नाही: पौर्णिमेनंतरच्या पहाटे सूर्य निघण्याच्या वेळेस तोच पूर्ण चंद्र पश्चिमेला बुडायला आलेला असतो. गोव्याच्या किनाऱ्यावर पश्चिमेला समुद्र आहे. म्हणजे ज्या पहाटेला ‘समुद्रावरचे बिंब नाही’ म्हणून नावे ठेवली जातात, त्या पहाटे महिन्यातून एक-दोन दिवस समुद्रावर बिंब असते, फक्त ते सूर्याचे नसते.

उठणे हा पहाटेच्या फेरीचा खरा त्रास मानला जातो. ज्यांनी झाडीपट्टीतली नाटके रात्रभर बसून पाहिली आहेत आणि तांबडे फुटल्यावर चालत घरी आले आहेत, त्यांना तो त्रास वाटायचे कारण नाही. पण शहरातून येणाऱ्या पाहुण्यांना सोबत नेणार असाल तर आदल्या रात्रीच त्यांच्याकडून शब्द घेऊन ठेवा. भल्या पहाटे गोव्यात गाडी मिळणे ही त्याहून मोठी अडचण आहे. आम्ही आदल्या दिवशीच एका टॅक्सीवाल्याला आगाऊ पैसे देऊन ठेवले होते आणि तो ५.१५ ला येऊन उभा राहिला. धक्क्यावर पोहोचलो तेव्हा नौका तिथेच दोराने बांधलेली, रात्रीपासून कोणाचाही पाय न लागलेली होती. डेक ओला होता, पण तो दवाने. कप्तानाने एक मोठे फडके हातात दिले आणि बसायची गादी मी स्वतःच पुसून काढली. दव हा पहाटेच्या बाजूने लिहायचा एक दोष. कपडे ओलसर होतात आणि पहिला अर्धा तास गारवा बोचतो, म्हणून शाल न्यावी.

६ ला पाच मिनिटे कमी असताना आम्ही सुटलो. वेळेवर सुटण्यासारखी साधी गोष्ट, पण तिचे मला इतके समाधान वाटले की मी ते कप्तानाला बोलून दाखवले आणि त्याला त्यात विशेष काय ते कळले नाही. “आमच्या आधी आहेच कोण?” एवढेच तो म्हणाला.

नदीत अंधार होता. समोरून मासेमारीचे ट्रॉलर परतत होते आणि त्यांचे फक्त दिवे दिसत होते. नौकेच्या डाव्या अंगाला लाल दिवा असतो आणि उजव्या अंगाला हिरवा. समोरच्या नौकेचा एकच रंग दिसला तर ती आडवी चालली आहे, आणि दोन्ही एकदम दिसले तर ती थेट आपल्यावर येते आहे, हे कप्तानाने सौभाग्यवतींना समजावले. त्यानंतर प्रत्येक ट्रॉलरला त्या मोठ्याने ‘आडवी’ किंवा ‘आपल्यावर’ असे म्हणत होत्या आणि कप्तान मान डोलावत होता. पहाटे जमिनीकडून समुद्राकडे अगदी हलका वारा असतो आणि किनाऱ्याजवळचे पाणी सपाट राहते. आमच्या मामा (माजी मालगुजारी) तलावावर हिवाळ्यात मासेमारी करणारे ढिवर बांधव डोंगा घालतात तेव्हा पाणी जसे दिसते, जवळजवळ तसे. शीड उघडण्यात अर्थ नव्हता, कारण ते वाळत घातलेल्या धोतरासारखे लोंबत राहिले असते. सगळा प्रवास इंजिनावर झाला. हा पहाटेचा दुसरा दोष, आणि शिडाची हौस असणाऱ्याला तो मोठा वाटेल. सौभाग्यवतींनी मात्र या वेळी गोळी घेतली नव्हती आणि गरजही पडली नाही.

आग्वादच्या टोकाबाहेर पोहोचलो तेव्हा ६.४५ झाले होते आणि पूर्वेला फटफटले होते. पहाटेचे रंग सूर्याच्या आधी येतात, नंतर नव्हे, हे इथे ध्यानात ठेवायचे; संध्याकाळी उशीर झाला तरी उरलेसुरले रंग मिळतात, पण पहाटे तुम्हीच लोळत पडलात तर ते गेले. फरक एवढाच की पहाटेचा उशीर आपल्या हातचा असतो. आमच्या एका हाताला जमिनीवर केशरी पट्टा रुंद होत होता आणि दुसऱ्या हाताला, वायव्येकडे, पिवळट पडलेला चंद्र पाण्यापासून थोडासाच वर होता. कप्तानाने इंजिन बंद केले. मी आधी पूर्वेकडे तोंड करून बसलो, मग पश्चिमेकडे, मग आडवा बसलो, म्हणजे मान फिरवली की दोन्ही दिसतील. ७.०५ झाले, तरी सूर्य नाही. टेकाडामागून त्याची कड दिसली तेव्हा आणखी काही मिनिटे गेली होती, आणि ती दिसण्याच्या आधीच आग्वादच्या जांभ्या दगडाच्या तटाचा वरचा काठ उजळला होता. सोळाशे बाराच्या सुमारास पोर्तुगिजांनी बांधलेला तो तट मी आदल्या वर्षीही पाहिला होता, पण संध्याकाळी तो नुसता काळा ठिपका होता. आता उजेड तटावरून खाली सरकत सरकत पाण्यालगतच्या बुरुजापर्यंत आला आणि त्या वेळात पलीकडचा चंद्र आकाशाच्या रंगात इतका मिसळून गेला की तो नेमका कधी बुडाला ते आमच्यापैकी कोणालाच सांगता आले नाही.

परतताना किनाऱ्याजवळ दोनदा डॉल्फिनची पाठ दिसली, करडी आणि ओली. सकाळच्या शांत पाण्यात ते जास्त सहज नजरेला पडतात, पण ते दिसतीलच असे कोणी सांगितले तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. संक्रांत असल्यामुळे सौभाग्यवतींनी डब्यातून तिळगूळ काढून कप्तानाला आणि त्याच्या मदतनिसाला दिला. तो मदतनीस म्हणजे आदल्या वर्षीचा नळीवाला पोरगाच असावा असा मला दाट संशय आहे, पण मी विचारले नाही. ८ ला दहा मिनिटे कमी असताना आम्ही धक्क्याला लागलो, आणि पुढची मंडळी तिथे येऊन उभी होती. त्यांना वेळेवर नौका मिळाली, कारण आम्ही वेळेवर उतरलो. तीन-चार फेऱ्यांनंतर, संध्याकाळी, त्याच नौकेची वाट पाहणाऱ्याला ती किती वाजता मिळाली असेल, हे मला सांगता येणार नाही.

ज्यांचे मन समुद्रातून निघणाऱ्या सूर्यावरच बसले आहे, त्यांनी पश्चिम किनाऱ्याचा विचार सोडून अंदमानचा करावा. मी तिथे यॉट घेतलेली नाही, स्वराज द्वीपाला बोटीने गेलो होतो. तिथल्या काला पत्थर किनाऱ्यावरून सूर्य पाण्यावर येताना दिसतो आणि राधानगरच्या किनाऱ्यावरून पाण्यात जाताना. अडचण घड्याळाची आहे: सगळा देश एकाच वेळेवर चालतो आणि अंदमान पूर्वेला फार दूर, त्यामुळे हिवाळ्यात तिथे पाच-सव्वापाचलाच दिवस बुडतो. संध्याकाळची फेरी म्हणून साडेतीनची वेळ दिली तर कोणी फसवत आहे असे समजू नका.

माझा कल कुठे आहे ते आतापर्यंत उघड झालेच आहे, तरी कोणावर तो लादण्याची इच्छा नाही. सोबत दहा-बारा तरुण माणसे असतील, गाणी लावायची असतील, शिडावर कलंडत जायचे असेल, तर संध्याकाळ नक्कीच अधिक रंगेल आणि पाच-दहा मिनिटे इकडे-तिकडे झाल्याचे कोणाच्या लक्षातही येणार नाही. नवरा-बायको किंवा वयस्क आई-वडील असतील, कोणाला बोट लागत असेल, आणि एकदाच जायचे असेल, तर मी तरी पहाटच सुचवीन, आणि जमल्यास पौर्णिमेनंतरची.

तरीही संध्याकाळच ठरली, तर पैसे देण्याआधी नौकावाल्याला एवढेच विचारा की आमच्या आधीची फेरी किती वाजता संपते आणि ती उशिरा आली तर दुसरी नौका देणार की पैसे परत. आधीची फेरी आणि आपली फेरी यांच्यात निदान एक तास मोकळा ठेवण्याचे तो मोबाइलवर लिहून देत असेल, तर बिनधास्त आगाऊ रक्कम पाठवा. ‘होऊन जाईल, साहेब’ असे तोंडी उत्तर आले, तर त्याच नौकेची सकाळी ६ ची वेळ मोकळी आहे का, तेही त्याच फोनमध्ये विचारून घ्या. आमच्या वेळी ती मोकळी होती.